कोल्हापूरहून परदेशातल्या प्रांतांकडे: कुशल कामगार आणि लघुउद्योजकांनी फाईल कशी बांधावी

शिरोलीत, गोकुळ शिरगावात किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाच-सात वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला परदेशाचा विचार सुचतो, तेव्हा त्याच्यासमोर टोरँटो आणि सिडनी ही नावं येतात. नेमक्या त्याच शहरांची स्पर्धा सगळ्यात कडक असते. वेल्डर, फिटर, मशिनिस्ट आणि मोल्डर यांची खरी निकड कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या ब्रँडनसारख्या, सस्कॅचेवानमधल्या मूस जॉसारख्या किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीसारख्या गावांना आहे. या गावांसाठी आणि प्रांतांसाठी कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांनी वेगळे मार्ग ठेवले आहेत. माणसाची निवड प्रांत करतो आणि शेवटचा व्हिसा केंद्र सरकार देतं. प्रांताच्या शिफारशीला नॉमिनेशन म्हणतात. ते हातात पडलं, की पुढचं काम बरंच सोपं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक फाईली हुनर कमी पडला म्हणून अडत नाहीत, कागद कमी पडला म्हणून अडतात. त्यामुळे देश ठरवण्याआधी कागद जमवायला घ्या. त्यालाच सहा महिने ते वर्ष लागतं.

आधी आपल्या कामाचा कोड शोधा

कॅनडात प्रत्येक कामाला पाच आकडी कोड असतो. त्या पद्धतीला एनओसी म्हणतात. कामाची पायरी टीअर ० ते टीअर ५ अशी ठरते आणि आकडा जितका लहान, तितकं काम वरचं. ऑस्ट्रेलियात याच कामासाठी सहा आकडी कोड असतात. पुढचा प्रत्येक नियम या कोडवर चालतो. इथे चूक झाली, तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज पडतो.

आपल्या पट्ट्यात सर्वांत जास्त घोटाळा 'सीएनसी ऑपरेटर' या शब्दाने होतो. कार्डावर सगळ्यांचं पद ऑपरेटर असतं. प्रत्यक्षात एक जण दिवसभर जॉब लावतो, बटण दाबतो आणि जॉब काढतो. दुसरा ड्रॉइंग वाचतो, फिक्श्चर बसवतो, टूल ऑफसेट घेतो, प्रोग्रॅम दुरुस्त करतो आणि पहिला पीस मोजून पास करतो. कॅनडाच्या हिशेबात पहिल्याचं काम ९४१०६, म्हणजे टीअर ४ मध्ये जातं. दुसऱ्याचं ७२१००, म्हणजे मशिनिस्ट, टीअर २ मध्ये. एक्सप्रेस एंट्री ही कॅनडाच्या केंद्र सरकारची, गुणांवर निमंत्रण देणारी पद्धत. तिच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या योजनांत टीअर ० ते ३ चाच अनुभव चालतो. म्हणून या दुसऱ्यासारखं, म्हणजे सेटरचं काम करणाऱ्याच्या पत्रात नुसतं 'ऑपरेटर' आलं, तर त्याचा मोठा दरवाजा तिथेच बंद होतो.

फौंड्रीतल्या माणसांनीही हे पाहून ठेवावं. मोल्डिंग, कोअर आणि पोरिंगचं काम ९४१०१ मध्ये येतं, तेही टीअर ४. वेल्डरसाठी ७२१०६, टूल अँड डाय मेकरसाठी ७२१०१ आणि मेंटेनन्स फिटर किंवा मिलराइटसाठी ७२४०० हे कोड आहेत. कोडचं नाव पाहून थांबू नका. त्याखाली मुख्य कामांची यादी असते, ती वाचा. त्यातली बरीचशी कामं तुम्ही रोज खरोखर करत असाल, तरच तो कोड तुमचा. मोठा कोड लावून घेण्याचा मोह अनेकांना होतो. पुढे अधिकाऱ्याने कंपनीत फोन केला, तर एका मिनिटात खरं बाहेर येतं.

अनुभवपत्र

संपूर्ण फाईलीत सर्वांत वजनदार कागद हाच, आणि आपल्याकडे सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणाराही हाच. उद्यमनगरात नेहमी मिळणारं पत्र साधारण असं असतं:

'सदर इसम आमच्याकडे २०१७ पासून ऑपरेटर म्हणून काम करीत होता. त्याची वर्तणूक चांगली होती. त्याच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने या पत्राला किंमत नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर आणि इंग्रजीत हवं. कंपनीचा पत्ता, चालू फोन आणि ईमेल असावा. कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख दिवस-महिन्यासह, पद, आठवड्याचे तास, पगार व भत्ते, कामांची यादी, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, एवढं सगळं त्यात यायला हवं. कॅनडात आठवड्याला ३० तास म्हणजे पूर्णवेळ आणि वर्षाला १,५६० तास. आपल्याकडे आठवड्याला ४८ तास काम असतं, पण त्यामुळे एका वर्षाची दोन वर्षं होत नाहीत.

कामांची यादी कशी असावी, त्याचा एक नमुना घ्या. व्हीएमसी सेटरसाठी मजकूर असा जमेल: 'पंप बॉडी आणि व्हॉल्व्ह हाउसिंगच्या कास्टिंगचं ड्रॉइंग वाचून मशीनिंगचा क्रम ठरवणे, फिक्श्चर बसवून डायलने अलाइन करणे, वर्क ऑफसेट आणि टूल लेंथ भरणे, फानुक कंट्रोलवर प्रोग्रॅममधील फीड आणि स्पीड बदलणे, पहिला पीस बोअर गेज व मायक्रोमीटरने तपासून रिपोर्ट भरणे, दोन नवीन ऑपरेटरांना शिकवणे.' यात मशीन, जॉब आणि मोजमापाचं साधन, सगळं दिसतं. एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं अधिकारी लगेच ओळखतात. म्हणून यादी आपल्याच शॉपच्या भाषेत तयार करा आणि मग ती इंग्रजीत आणा.

पत्राला आधार देणारे कागद सोबत हवेत: पगाराच्या स्लिपा, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, पीएफचं पासबुक, ईएसआयसीची नोंद, फॉर्म १६. लहान वर्कशॉपच्या कामगाराची अडचण इथेच येते. पीएफचा कायदा २० किंवा जास्त कामगार असलेल्या युनिटला लागतो, ईएसआयसी १० पासून. सात-आठ माणसांच्या शॉपमध्ये पगार रोख मिळतो आणि मागे कागद उरत नाही. असं असेल तर आजच मालकाला विनंती करून पगार बँकेत घ्यायला लागा आणि दरमहा साधी का होईना, सहीची स्लिप घ्या. मागच्या तारखेच्या स्लिपा बनवून घेऊ नका. खोटी कागदपत्रं सापडली, तर कॅनडा पाच वर्षं आणि ऑस्ट्रेलिया तीन वर्षं दार बंद करतं.

स्वतःचं लेथ टाकून जॉबवर्क करणाऱ्यांसाठी कागद वेगळे आहेत: उद्यम नोंदणी, जीएसटी रिटर्न, आयकर विवरणपत्रं, जॉबवर्कची चलनं आणि ज्यांचं काम केलं त्या कंपन्यांची पत्रं. एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत परदेशातला स्वयंरोजगाराचा अनुभव धरतात. पण खाली येणाऱ्या अटलांटिक आणि रूरल योजनांत तो धरत नाहीत. हे आधीच माहीत असलं, तर वर्ष वाया जात नाही.

नावं आणि घरचे कागद

आयटीआयच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर आडनाव शेवटी, आधारवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि पॅनवर मधलं नाव गायब. आपल्याकडे हे घरोघरी आहे. सगळ्या कागदांवरची नावं एका पानावर लिहून काढा आणि पासपोर्ट हा पाया धरून बाकीची त्याला जुळवून घ्या. किरकोळ फरकाला नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरतं. नावच बदललं असेल, तर राजपत्रात प्रसिद्धी हवी. बायकोचं माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. खेड्यात लग्न झालं असेल, तर तो ग्रामपंचायतीतून मिळतो. लग्नाची नोंद केलेलीच नसेल तर आधी ती करा. मुलांच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव टाकायचं राहिलं असेल, तर तेही भरून घ्या. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर आणि सोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. कोल्हापूर पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. आखातात काम करून आलेल्यांना तिथलंही प्रमाणपत्र लागू शकतं आणि देश सोडल्यावर ते मिळवणं अतिशय त्रासाचं होतं. आज तिकडे असणाऱ्याने परतण्याआधीच ते हातात घ्यावं.

इंग्रजी आणि शिक्षणाचं मूल्यांकन

कॅनडासाठी आयईएलटीएसची जनरल ट्रेनिंग परीक्षा द्या, अ‍ॅकॅडेमिक नव्हे. सेलपिप जनरल आणि पीटीई कोअरही चालतात. निकाल दोन वर्षं ग्राह्य राहतो. कॅनडा गुण सीएलबी या मापात मोजतं. सीएलबी ७ म्हणजे चारही भागांत ६. सीएलबी ५ म्हणजे वाचनात ४ आणि बाकी तिन्हींत ५. सीएलबी ९ ला वाचन, लेखन, बोलणं यांत ७ पुरतात, पण ऐकण्यात ८ लागतात. बरेच जण या ऐकण्यातच अडकतात, म्हणून सरावाचा अर्धा वेळ तिकडे द्या. रोज अर्धा तास कॅनडाच्या सरकारी रेडिओवरच्या बातम्या ऐका आणि ऐकलेले आकडे, पत्ते, तारखा कागदावर उतरवा. गुण जातात ते याच बारीक गोष्टींत.

पदविका किंवा पदवीच्या मूल्यांकनाला ईसीए म्हणतात. डब्ल्यूईएससारख्या मान्यताप्राप्त संस्था ते करतात आणि ते पाच वर्षं चालतं. शिवाजी विद्यापीठाची पदवी असेल तर परीक्षा विभागातून ट्रान्सक्रिप्ट काढावी लागते. पदविका असेल तर तंत्रशिक्षण मंडळाकडून. हे काम दिवाळीच्या किंवा निकालांच्या गर्दीत अडकतं, तेव्हा सवड असतानाच अर्ज टाका. आयटीआयवाल्यांनी नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट जपून ठेवावं आणि अप्रेंटिसशिप केली असेल तर तिचंही प्रमाणपत्र सोबत लावावं.

कॅनडाचे तीन दरवाजे

पहिला प्रांतीय नॉमिनेशन, म्हणजे पीएनपी. क्वेबेकची पद्धत स्वतंत्र आहे आणि नुनावुतकडे ही योजना नाही. बाकी सगळ्या प्रांतांकडे ती आहे. दोन प्रकार लक्षात ठेवा. एक्सप्रेस एंट्रीशी जोडलेलं नॉमिनेशन मिळालं, तर तुमच्या गुणांत थेट ६०० ची भर पडते आणि निमंत्रण जवळजवळ नक्की होतं. दुसऱ्या प्रकारात एक्सप्रेस एंट्रीत प्रोफाईल लागत नाही, पण प्रक्रिया लांबते. टीअर ४ वाल्यांना हाच दुसरा प्रकार मोकळा असतो, तोही बहुधा नोकरीची ऑफर असेल तरच.

प्रत्येक प्रांत वर्षभरात आपल्या गरजा बदलतो. २०२५ साली केंद्राने सगळ्या प्रांतांचं मिळून वार्षिक लक्ष्य १,१०,००० वरून ५५,००० वर आणलं, तेव्हा अनेक प्रवाह, म्हणजे प्रांतांच्या योजनेतले उपमार्ग, एकदम आटले. २०२६ साठी ते पुन्हा ९१,५०० पर्यंत वाढवलं. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचा रस्ता तुमच्यासाठी तसाच असेल, हे धरून चालू नका. प्रांताच्या सरकारी संकेतस्थळावरचं ताजं पानच खरं. मॅनिटोबासारखा प्रांत परदेशातून अर्ज करणाऱ्याकडे प्रांताशी नातं मागतो: जवळचा नातेवाईक, मित्र, तिथलं पूर्वीचं शिक्षण किंवा नोकरी, नाहीतर प्रांताने स्वतः दिलेलं निमंत्रण. विनिपेगमध्ये चुलतभाऊ असेल, तर तो मोठाच आधार ठरतो.

दुसरा दरवाजा अटलांटिक इमिग्रेशन प्रोग्रॅम. न्यू ब्रन्सविक, नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर हे चार प्रांत यात आहेत. २०१७ साली प्रयोग म्हणून सुरू झालेली ही योजना २०२२ पासून कायम झाली. प्रांताने मान्यता दिलेल्या मालकाकडूनच ऑफर लागते. मागच्या पाच वर्षांत १,५६० तासांचा अनुभव लागतो. टीअर ० ते ३ ला सीएलबी ५ पुरतो आणि टीअर ४ ला ४. टीअर ४ साठी ऑफर कायमस्वरूपी नोकरीची असावी लागते. फौंड्रीतल्या माणसासाठी हा सर्वांत प्रामाणिक रस्ता आहे, फक्त मालक स्वतः शोधावा लागतो. मान्यताप्राप्त मालकांची यादी प्रांत जाहीर करतात. ती घेऊन धातूकाम, जहाजदुरुस्ती आणि यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कंपन्या निवडा आणि एका पानाचा बायोडेटा पाठवा. त्यात फोटो, वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय का, हे काही नको. मशीनचं नाव, कंट्रोल, धातू, टॉलरन्स आणि वेल्डिंगची प्रक्रिया लिहा. शंभर पत्रांना पाच उत्तरं आली तरी तो चांगला प्रतिसाद समजा.

तिसरा दरवाजा रूरल कम्युनिटी इमिग्रेशन पायलट, जानेवारी २०२५ पासूनचा. यात १४ गावं-परिसर आहेत. सडबरी, टिमिन्स, थंडर बे, सू सेंट मरी, नॉर्थ बे, ब्रँडन, स्टाइनबाख, मूस जॉ, क्लेअर्सहोम ही त्यातली काही. सडबरी आणि टिमिन्स म्हणजे खाणींचे पट्टे, तिथे यंत्रदुरुस्तीचं काम कायम असतं. मागच्या तीन वर्षांत एक वर्षाचा अनुभव, गावाने मान्य केलेल्या मालकाची ऑफर आणि मग गावाच्या आर्थिक विकास संस्थेची शिफारस, असा क्रम आहे.

पैशाचा पुरावा बहुतेकांना लागतो. एक्सप्रेस एंट्रीसाठी जुलै २०२५ चे दर एका माणसाला १५,२६३ आणि चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनेडियन डॉलर होते. दर वर्षी हा आकडा वाढतो. बँकेच्या पत्रात खाते क्रमांक, खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि कर्ज या सगळ्यांचा उल्लेख हवा. सोनं, जमीन आणि उसने पैसे चालत नाहीत. इथे कोल्हापूरच्या माणसाची एक खास अडचण आहे: बचत असते ती पतसंस्थेत आणि भिशीत. पतसंस्था ही बँक नव्हे आणि तिच्या पत्रावर परदेशी अधिकारी भरवसा ठेवेलच असं नाही. पैसे सहा-सात महिने आधी शेड्यूल्ड बँकेत आणा. शेवटच्या महिन्यात एकदम वीस लाख जमा झालेले दिसले, की प्रश्न येणारच. वडिलांनी दिले असतील तर बक्षीसपत्र करा आणि त्यांच्या खात्यातला मागही दाखवा.

दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा. एक्सप्रेस एंट्रीत नॉमिनेशन स्वीकारायला ३० दिवस मिळतात, निमंत्रण आल्यावर अर्ज भरायला ६० दिवस. या ६० दिवसांत कागद जमवायला निघालेला माणूस हमखास अडकतो.

ऑस्ट्रेलिया

इथे राज्य नॉमिनेट करतं. तिथे व्हिसाच्या प्रकाराला सबक्लास म्हणतात. सबक्लास १९० ला राज्याचे ५ गुण मिळतात आणि कायमचा व्हिसा लगेच. सबक्लास ४९१ ला १५ गुण मिळतात, पण तो पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा. त्यावर तीन वर्षं रीजनल भागात राहून, काम करून, कर भरून मग १९१ हा कायमचा मिळतो. रीजनल म्हणजे सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून सगळं. पर्थ, अ‍ॅडलेड आणि कॅनबेराही त्यात मोडतात, त्यामुळे रीजनल शब्दाने घाबरू नका. अट मात्र खरी आहे: ४९१ वर असताना मेलबर्नला जाऊन राहिलात, तर व्हिसाच धोक्यात येतो.

गुणांचा हिशेब एकदा हाताने करून पाहा. किमान ६५ लागतात आणि वय ४५ च्या आत. तीस वर्षांचा मशिनिस्ट (३० गुण), आयईएलटीएस चारही भागांत ७ (१०), पाच वर्षांचा परदेशी अनुभव (१०), मूल्यांकन संस्थेने मान्य केलेली पदविका (१०) आणि बायकोचं इंग्रजी चारही भागांत ६ (५): झाले ६५. त्यात ४९१ चे १५ घातले की ८०. नुसत्या ६५ वर निमंत्रण क्वचितच येतं, म्हणून या १५ चं मोल मोठं. बायकोने इंग्रजीची परीक्षा देणं घरात मागे पडतं, पण पाच गुणांसाठी तेवढं जरूर करा.

त्याआधी कौशल्याचं मूल्यांकन. इंजिनिअरांचं एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते आणि ट्रेडवाल्यांचं ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया. ट्रेडवाल्यांत कागद तपासल्यावर बऱ्याच जणांना तांत्रिक मुलाखत किंवा प्रात्यक्षिकाला सामोरं जावं लागतं. 'बोअर टेपर येतोय, काय तपासाल', 'स्टेनलेसला डिस्टॉर्शन आलं, क्रम कसा बदलाल' अशा धाटणीचे प्रश्न इंग्रजीत येतात. काम उत्तम येतं पण तोंडाने सांगता येत नाही, अशी आपली माणसं इथे हकनाक मागे पडतात. रोजच्या एका जॉबचं वर्णन मोठ्याने इंग्रजीत करायचा सराव तीन महिने ठेवा. हत्यारांची नावं आपण इंग्रजीतच घेतो, कमी पडतात ती क्रियापदं.

राज्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कोटे उघडतात आणि भरूही लागतात. जूनपर्यंत मूल्यांकन व इंग्रजीचा निकाल हातात असेल, असा उलटा हिशेब लावा. निमंत्रणानंतर इथेही ६० दिवस.

नोकरी देणारा मालक मिळाला, तर सबक्लास ४९४ आहे. त्याला तीन वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय काही प्रदेशांनी केंद्राशी डामा नावाचे करार केले आहेत. नॉर्दर्न टेरिटरी आणि कालगुर्लीचा गोल्डफील्ड्स परिसर ही त्याची उदाहरणं. तिथे वयात आणि इंग्रजीत सवलत मिळू शकते, पण अर्ज मालकानेच करायचा असतो.

लघुउद्योजकांसाठी

ऑस्ट्रेलियाने जुना गुंतवणूकदार व्हिसा, सबक्लास १८८, २०२४ मध्ये बंद केला. कॅनडात सस्कॅचेवानने २०२५ मध्ये उद्योजकांचा प्रवाह बंद केला. लहान गावांसाठीचे प्रवाह अधिक आवाक्यातले आहेत. ब्रिटिश कोलंबियाच्या रीजनल प्रवाहात निव्वळ मालमत्ता किमान ३ लाख आणि गुंतवणूक १ लाख कॅनेडियन डॉलर, धंद्यात किमान ५१ टक्के मालकी अशी अट आहे. अल्बर्टाच्या ग्रामीण उद्योजक प्रवाहातही ३ लाख आणि १ लाख हेच आकडे आहेत. मॅनिटोबात मालमत्ता ५ लाख, गुंतवणूक विनिपेग परिसरात अडीच लाख आणि बाहेर दीड लाख. तीन लाख डॉलर म्हणजे अंदाजे दोन कोटी रुपये.

या रस्त्याने कायमचा व्हिसा आधी मिळत नाही. गावाला भेट देऊन तिथल्या अधिकाऱ्यांना धंद्याची योजना समजावायची, त्यांची शिफारस घ्यायची, प्रांताशी करार करायचा, वर्क परमिटवर जायचं आणि धंदा चालवून दाखवायचा. नॉमिनेशन त्यानंतर. पैसे भरून, इथेच राहून तिकडचा धंदा मॅनेजरवर सोडायचा बेत असेल, तर या वाटेला जाऊ नका. ब्रिटिश कोलंबिया तर ७५ टक्के वेळ प्रांतात राहण्याची अट घालतं. नुसत्या भाड्याच्या उत्पन्नाचे धंदे चालत नाहीत. आपल्या मशीन शॉपवाल्याने, निवृत्तीला आलेल्या तिकडच्या मालकाचं चालू वर्कशॉप विकत घेण्याचा पर्याय आधी तपासावा. गिऱ्हाईक आणि कामगार तयार मिळतात आणि गावालाही धंदा बंद पडायला नको असतो.

मालमत्तेचा हिशेब प्रांताने नेमलेली लेखापाल संस्था तपासते, आणि कोल्हापुरी फाईल घसरते ती इथे. सातबारावर सहा जणांची नावं असतील, तर फक्त तुमचा हिस्सा धरला जातो. वाटणी झाली नसेल तर तोही वादात. 'इतर हक्क' या रकान्यात विकास सेवा सोसायटीचा बोजा असतो. कर्ज फेडूनही तो तसाच राहिलेला असतो. सोसायटीचा दाखला घेऊन तलाठ्याकडून तो कमी करून घ्या आणि नवा उतारा काढा. जमिनीचं मूल्य नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून घ्या. उसाच्या उत्पन्नासाठी कारखान्याची बिलं आणि बँकेतली जमा जुळवून दाखवा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसला, तरी विवरणपत्रात ते दरवर्षी दाखवा. गुऱ्हाळाचं किंवा चप्पल व्यवसायाचं रोखीचं उत्पन्न कागदावर नसेल, तर या हिशेबात ते शून्य.

पैसे बाहेर नेताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकन डॉलरची मर्यादा आहे. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी. गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरून परत मिळतो, पण वर्षभर पैसा अडकतो. गुंतवणुकीचा आकडा ठरवताना ही रोकड वेगळी काढून ठेवा.

एजंट

कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार, म्हणजे आरसीआयसी, असला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या नोंदणीकृत एजंटचा सात आकडी क्रमांक असतो. दोन्ही याद्या इंटरनेटवर मोफत पाहता येतात. नाव आणि क्रमांक मागा आणि त्याच्या देखत शोधा. परदेशी नोकरी लावून देणारा भारतातला भरती एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. त्याने कामगाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेणं नियमबाह्य आहे. 'एलएमआयए देतो, पंधरा लाख' असं कुणी म्हणालं, तर उठून या. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकाने काढायची सरकारी मंजुरी. तिची फी मालकाने भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. नोकरीची ऑफर विकणं हा कॅनडात गुन्हा आहे. अर्जाचा ईमेल आणि पासवर्ड एजंटच्या हाती राहू देऊ नका. त्यात काय भरलं गेलंय ते तुम्हाला दिसलं पाहिजे, कारण खोटं निघालं तर बंदी तुमच्या नावावर येते.

निघण्याआधी

व्हिसा आल्यावर तिकिटाच्या घाईत राहून जाणारी कामं आधी उरका. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्या. कायमचं स्थायिक व्हायला जात असाल, तर पीएफ पूर्ण काढता येतो. त्यासाठी यूएएनवरचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळलेली हवी. आज नावावर असलेली शेतजमीन अनिवासी झाल्यावरही राहते आणि वारशानेही मिळू शकते, पण नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून भावाभावांतली वाटणी, वारसनोंद आणि फेरफार जाण्याआधीच पूर्ण करा. वटमुखत्यारपत्र इथेच दुय्यम निबंधकासमोर करून दिलेलं बरं. तिकडून करून पाठवलं, तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.